सुपापुढं बसणाऱ्या बाईची कंबर

मावश्यांनो, मैत्रिणींनो, तुमच्यात ज्या गरोदर आहेत त्यांनी मांडी मोडून भिंतीकडच्या खुर्च्यांवर बसा. का, ते सांगते.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बाईचा अख्खा दिवस मांडीवर सूप घेऊन जातो. अशीच एक बाई सातव्या महिन्यात माझ्याकडे फिजिओथेरपीला आली. म्हणाली, ‘‘जांघेत कळ येते, रात्री कुशीवर वळताना जीव जातो.’’ सोबत सासूबाई होत्या. ‘‘आम्ही नाही का सोसलं?’’ म्हणाल्या. मी विचारलं, ‘‘तुम्हालाही असंच दुखायचं का?’’ थोडा वेळ त्या गप्प राहिल्या, मग त्यांनी आपल्याच मांडीच्या आतल्या बाजूला हात लावून जागा दाखवली.

हे दुखणं साधारण पाच गरोदर बायकांपैकी एकीला होतं. कमरेची हाडं कड्यासारखी जोडलेली असतात. पुढं ओटीपोटाच्या तळाशी एक सांधा, मागं माकडहाडाच्या वर डावी-उजवीकडं दोन. पुढच्या सांध्यातली फट एरवी ४ ते ५ मिलिमीटर असते, गरोदरपणात ती आणखी २ ते ३ मिलिमीटर वाढते. ही सैल पडणारी सांध्यांची बांधणी सगळ्याच जणींत असते, दुखतं मात्र काहींनाच. एका पायावर भार पडला, पाय फाकले, की सैल सांध्यांना धरून ठेवायला कुल्ल्याचे आणि मांडीच्या आतले स्नायू आवळून बसतात. कळ बरीचशी तिथून येते.

आता हातानं करायच्या उपचाराबद्दल. ‘‘हाड सरकलंय, बसवून द्या,’’ असं मला रोज कुणीतरी म्हणतं. हाड सरकलेलं नसतं, आणि कडकन आवाज काढून ते बसवू म्हणणाऱ्याकडं पोटुशी बाईनं जाऊ नये. आम्ही बाईला कुशीवर निजवतो, पोटाखाली आणि गुडघ्यांमध्ये उशी देतो. कुल्ल्याचा आवळलेला स्नायू तळव्यानं सावकाश दाबत मोकळा करतो. मग गुडघ्यांवर हात ठेवून सांगतो, ‘‘माझ्या हाताला हळूच दाब द्या, पाच मोजा, सोडा.’’ स्नायू स्वतः जोर लावून सैल होतो. दुखलं की लगेच थांबायचं.

यानं बऱ्याच जणींना आराम पडतो, पण तेवढ्यावर विसंबून चालत नाही. नुसत्या हातांचा आराम बरेचदा थोडेच दिवस टिकतो. तो मिळालेला वेळ व्यायामाला वापरायचा. त्या बाईला मी विड्या सोडा म्हटलं नाही. घर त्यावर चालतं, मी कोण सांगणार? सूप टेबलावर आलं, बाई खुर्चीत आली, अर्ध्या तासानं उठून चार पावलं चालायला लागली. टेबल सासूबाईंनीच शेजारून मागून आणलं, याचा मला फार आनंद झाला.

बाकीचं घरातलं. परकर, सलवार बसून घाला. अंथरुणातून उठताना गुडघे जुळवून कुशीवर वळा, हाताच्या रेट्यानं उठा. रिक्षात आधी टेका, मग दोन्ही पाय एकदम आत घ्या. पाण्याची कळशी एका कडेवर नको. कमरेला आधाराचा पट्टा बांधायचा तर तपासणाऱ्यानं दाखवला तसाच.

मात्र अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, ताप, लघवीला जळजळ, ठरावीक अंतरानं कळा, बाळाची हालचाल कमी वाटणं, पोटरी सुजून दुखणं, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा किंवा लघवी अडणं, यातलं काहीही झालं तर माझ्याकडं नाही, त्याच घडीला दवाखान्यात जा.

बाळंतपणाआधी एक काम जरूर करा. उताणं पडून, गुडघे वाकवून, ते न दुखता किती फाकतात ते टेपनं मोजून घ्या. फार वेळ उताणं राहू नका, मोजलं की कुशीवर वळा. बाळंतपणात पाय त्याहून जास्त फाकवले जाऊ नयेत, म्हणून तो आकडा फाईलच्या पहिल्या पानावर लिहा आणि डॉक्टरांना, सिस्टरना आधीच दाखवा. कुशीवर किंवा हातागुडघ्यांवर राहून कळा देता येतील का, हेही तेव्हाच विचारा. आता ज्यांना दुखतंय त्यांनी पुढं या, सासूबाईंनाही घेऊन या.