साठ सेंटिमीटरचे पिस्तूल

[पडद्यावर रेंजवरचे लाकडी टेबल दिसते. त्यावर पिस्तूल ठेवलेले आहे आणि एक हात त्याच्या बाजूला मोजपट्टी लावतो.]

टेबलावर ठेवलेल्या या हत्याराची मूठ पिस्तुलाची आहे, ट्रिगर पिस्तुलाचा आहे आणि काडतुसांचे मॅगझिनही मुठीतूनच वर चढते. मात्र त्याची नळी एखाद्या छोट्या रायफलीला शोभावी इतकी लांब आहे, आणि मुठीच्या मागून निघालेली धातूची दांडी नेमबाजाच्या कोपराच्या दिशेने गेली आहे. पट्टीवरचे आकडे नीट दिसावेत म्हणून कॅमेरा मुद्दाम जवळ नेला आहे. नळीची लांबी ३० सेंटिमीटरच्या किंचित पुढे जाते आणि दांडीच्या टोकापासून नळीच्या तोंडापर्यंतचे अंतर ६० सेंटिमीटरच्या किंचित पुढे जाते. नेमबाजीच्या दृष्टीने या दोन्ही आकड्यांना काहीही अर्थ नाही. ते कायद्यातून आले आहेत, आणि इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये काडतुसाचे पिस्तूल खेळासाठी जवळ बाळगायचे असेल तर सर्वसामान्य नेमबाजाला याच आकड्यांच्या पलीकडे राहावे लागते.

ब्रिटनच्या १९६८च्या शस्त्र कायद्यातील पाचवे कलम निषिद्ध हत्यारांची यादी देते. ज्या हत्याराची नळी ३० सेंटिमीटरपेक्षा आखूड आहे, किंवा ज्याची एकूण लांबी ६० सेंटिमीटरपेक्षा कमी आहे, ते १९९७च्या दुरुस्तीनंतर या यादीत गेले. यांपैकी एक उणीव असली तरी पुरते. हवेच्या दाबावर चालणारी पिस्तुले, तोंडाकडून दारू भरायची हत्यारे आणि इशाऱ्याचे बार काढणारी साधने एवढीच यातून वगळलेली आहेत. उत्तर आयर्लंडचा शस्त्र कायदा वेगळा आहे आणि तेथील नेमबाज आजही नेहमीच्या आकाराची पिस्तुले परवान्यावर बाळगतात, ही गोष्ट ब्रिटनमधीलही पुष्कळांना ठाऊक नसते.

[जुनी वृत्तपत्रे आणि संसदेची इमारत दिसते.]

१३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन येथील प्राथमिक शाळेत एका माणसाने परवान्यावर घेतलेल्या पिस्तुलाने १६ मुलांचा आणि त्यांच्या शिक्षिकेचा जीव घेतला. न्यायाधीश लॉर्ड कलन यांच्या चौकशीत असे पुढे आले की, या माणसाचा परवाना काढून घ्यावा अशी लेखी शिफारस एका पोलीस अधिकाऱ्याने १९९१मध्येच केली होती आणि तरीही परवाना चालू राहिला. हत्यारांबाबत कलन यांनी सुचवलेला पहिला पर्याय सरसकट बंदीचा नव्हता. पिस्तूल वापरात नसताना त्याचा महत्त्वाचा भाग काढून ठेवावा किंवा नळीत कुलूपबंद अडथळा बसवावा, आणि हे जमणार नसेल तर एकाहून अधिक गोळ्या झाडणारी पिस्तुले व्यक्तींनी बाळगण्यावर बंदी घालावी, असा त्यांचा क्रम होता. पंतप्रधान जॉन मेजर यांच्या सरकारने १९९७मध्ये त्यापुढे जाऊन ०.२२ इंचाहून मोठ्या व्यासाच्या नळीच्या सर्व पिस्तुलांवर बंदी आणली आणि त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या टोनी ब्लेअर यांच्या सरकारने उरलेली ०.२२ इंचाची पिस्तुलेही तिच्यात ओढली. सुमारे १,६२,००० हत्यारे पोलिसांकडे जमा झाली आणि मालकांना भरपाई मिळाली. ज्या अर्जावर माणसाची पारख व्हायला हवी होती तो अर्ज बाजूला राहिला आणि पट्टी पुढे आली, असे या बंदीकडे पाहताना आम्हांला वाटते.

[पिस्तुलाची मागची दांडी, नंतर नळी, नंतर ट्रिगर जवळून दिसतात.]

पट्टी आली तसे कारागीरही कामाला लागले. नळी कोठून कोठपर्यंत मोजायची हे कायद्यानेच सांगितले आहे: तोंडापासून काडतुसातील दारू जेथे पेटते त्या बिंदूपर्यंत. त्यामुळे अमेरिकी ब्राउनिंग बक मार्क किंवा रूगर यांसारख्या ०.२२ इंचाच्या स्वयंभरण (गोळी झाडल्यावर पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या) पिस्तुलाला लांब नळी बसवली की पहिली अट पुरी होते. दुसरी अट जास्त अडचणीची आहे, कारण घडी होणारा, आत सरकणारा किंवा सुटा होणारा दस्ता लांबी मोजताना धरायचा नाही असे कलम सांगते. म्हणून मागची दांडी पक्की जोडावी लागते. ती खांद्याला टेकवण्यासाठी नसते. हात लांब केल्यावर ती मनगटावरून मागे जाते, आणि लांब नळीने पुढे झुकणारा तोल तागडीतल्या वजनासारखा थोडा मागे ओढून धरते. काहींच्या दांडीला टोकाशी वजन असते, काहींची दांडी अगदी साधी, वाकवलेल्या सळईची असते. लांब नळीचा फायदाही होतो: नेम धरण्यासाठी नळीवर असलेली पुढची माशी (छोटा उंचवटा) आणि मागची खाच यांमधले अंतर वाढल्यामुळे नेम धरताना झालेली बारीक चूक डोळ्यांना लवकर दिसते. तोटा हात सांगतो. पिस्तूल जड होते, आणि गोळ्यांच्या चौथ्या-पाचव्या मालिकेनंतर नळीचे तोंड गोल फिरू लागलेले चित्रातही ओळखू येईल.

मोठ्या काडतुसांचे गणित निराळे आहे. इंग्लंडमधील हंगरफर्ड येथे १९८७मध्ये झालेल्या हत्याकांडानंतर १९८८मध्ये जो कायदा झाला त्याने ०.२२ इंचाच्या रिमफायर (बुडाच्या काठावर टोला बसून पेटणाऱ्या) काडतुसाव्यतिरिक्त इतर काडतुसांच्या स्वयंभरण रायफली बंद केल्या होत्या, आणि लांब नळीचे पिस्तूलही त्या नियमातून सुटत नाही. म्हणून ०.३८ किंवा ०.३५७ इंचाचे काडतूस झाडायचे असेल तर रिव्हॉल्व्हर घ्यावे लागते, ज्याचे सिलिंडर प्रत्येक खेपेला नेमबाजाच्या बोटाने फिरते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दिसणारे रिव्हॉल्व्हर चेक प्रजासत्ताकातील आल्फा कंपनीचे आहे आणि त्याच्याही मागे तशीच दांडी आहे.

[परवान्याची पाने उलटली जातात. नाव आणि पत्ता झाकलेला आहे.]

आपल्या चित्रातील नेमबाजाचे नाव आम्ही सांगत नाही आणि त्याचे घरही दाखवत नाही, कारण घरात हत्यार आहे हे चारचौघांत कळू न देणे ही येथील नेमबाजांची शिस्त आहे. परवान्याची पाने मात्र त्याने मोकळेपणाने दाखवली. येथे आधी परवाना काढून मग हौस भागवता येत नाही. गृहखात्याने मान्य केलेल्या नेमबाजी क्लबात किमान तीन महिने उमेदवार म्हणून नियमित यावे लागते, क्लबची हत्यारे देखरेखीखाली हाताळावी लागतात, आणि त्यानंतरच पूर्ण सभासदत्व मिळू शकते. मग पोलिसांकडे अर्ज जातो. सोबत दोन संदर्भदाते लागतात आणि डॉक्टरांकडून प्रकृतीची, विशेषतः मानसिक आरोग्याची माहिती मागवली जाते. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेल्या माणसाला हत्यार जन्मभर वर्ज्य आहे. पोलीस खात्याचा माणूस घरी येऊन पोलादी कपाट भिंतीला पक्के आहे की नाही, किल्ली कोणाच्या हाती लागू शकते, हे पाहतो आणि अर्जदाराशी बोलतो.

यानंतर मिळणारा परवाना म्हणजे वाटेल ते विकत घेण्याची मुभा नव्हे. प्रत्येक हत्याराची त्यावर वेगळी नोंद होते: काडतुसाचा प्रकार कोणता, हत्यार कोणत्या जातीचे, कोणत्या कारणासाठी. गोळ्या एका वेळी किती विकत घेता येतील आणि किती जवळ ठेवता येतील हेही तेथेच लिहिलेले असते. हत्यार विक्रेत्याकडून समोरासमोर घ्यावे लागते, विक्रेता परवान्यावर नोंद करतो आणि सात दिवसांच्या आत पोलिसांना कळवावे लागते. जो सभासद बारा महिने रेंजवर फिरकत नाही त्याचे नाव क्लबने पोलिसांना कळवायचे असते. परवाना पाच वर्षांचा असतो. फेब्रुवारी २०२५पासून नव्या परवान्याचे शुल्क १९८ पौंड आणि नूतनीकरणाचे १३१ पौंड झाले आहे. लांबी कमी भरलेले पिस्तूल जवळ सापडले तर अपवादात्मक परिस्थिती सिद्ध केल्याखेरीज प्रौढ व्यक्तीला किमान पाच वर्षांचा तुरुंगवास ठरलेला आहे.

[बिझली येथील मेलव्हिल रेंज दिसते. लक्ष्ये नेमबाजाकडे कड करून उभी आहेत आणि मग एकदम समोर वळतात.]

सरे परगण्यातील बिझली येथे ब्रिटनची राष्ट्रीय रायफल संघटना १८९० पासून आहे. त्याआधी तिच्या स्पर्धा विंबल्डनच्या माळावर होत, आणि तेथे १८६०मध्ये पहिली गोळी व्हिक्टोरिया राणीने झाडली होती. मेलव्हिल ही बिझलीतील पिस्तुलांची रेंज आहे. समोर जी स्पर्धा चालली आहे तिच्यात ३० गोळ्या असतात, २५, १५ आणि १० मीटरवरून. पहिल्या टप्प्यात नेमबाजाला पुरेसा वेळ मिळतो. पुढच्या टप्प्यांत लक्ष्य काही सेकंदांपुरतेच समोर वळते आणि परत कड करून उभे राहते. तेवढ्यात हात खालून वर यायला हवा, पुढची माशी खाचेत स्थिर व्हायला हवी आणि ट्रिगर न हिसकता मागे यायला हवा. मालिका संपल्यावर मॅगझिन बाहेर निघते, नळीचा मागचा भाग उघडा ठेवला जातो, रेंजचा अधिकारी प्रत्येक हत्यार रिकामे असल्याची खात्री करून घेतो, आणि तोवर कोणी एक पाऊलही पुढे टाकत नाही. ही सारी क्रिया आम्ही कापाकापी न करता ठेवली आहे, कारण पिस्तूल म्हटल्यावर ज्यांना केवळ धाक आठवतो त्यांनी हे संथपण पाहावे अशी आमची इच्छा आहे.

याच बिझलीत २००२च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धांची नेमबाजी झाली आणि मुंबईच्या अंजली भागवत यांनी येथे चार सुवर्णपदके मिळवली. त्यांचे हत्यार रायफल असल्यामुळे या लांबीच्या कलमाचा त्यांना अडथळा नव्हता. पिस्तुलाच्या स्पर्धा मात्र गृहमंत्र्यांच्या खास परवानगीने घ्याव्या लागल्या. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी वूलिच येथे २५ मीटर पिस्तुलाच्या स्पर्धेत भाग घेतला तेव्हाही तशीच खास सोय करावी लागली होती. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या स्पर्धेचे पिस्तूल ३० सेंटिमीटर लांबीच्या मोजपेटीत मावावे लागते. ब्रिटिश कायदा त्याच्या दुप्पट लांबी मागतो. म्हणजे देशात परवान्यावर मिळणारे कोणतेही लांब पिस्तूल त्या पेटीत मावत नाही, आणि पेटीत मावणारे पिस्तूल परवान्यावर मिळत नाही. ब्रिटनच्या पिस्तूल नेमबाजांना कित्येक वर्षे सरावासाठी परदेशात जावे लागले ते यामुळेच, आणि ऑलिम्पिक जवळ आल्यावर निवडक खेळाडूंना तेवढ्यापुरती विशेष परवानगी दिली गेली.

बाकीच्या नेमबाजांनी आपापल्या वाटा काढल्या. कोणी हवेच्या पिस्तुलाकडे वळले. कोणी काळी दारू भरायच्या जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरकडे गेले, ज्यासाठी दारू बाळगण्याचा आणखी एक दाखला लागतो आणि ज्यात सिलिंडरचा प्रत्येक कप्पा पुढून हाताने भरावा लागतो. आपल्या चित्रातील नेमबाज लांब नळीपाशी थांबला आहे. त्याला आता ०.३५७ इंचाचे रिव्हॉल्व्हर हवे आहे. त्यासाठी परवान्यात फेरबदलाचा नवा अर्ज करावा लागतो आणि एक हत्यार असताना दुसरे कशाला, या प्रश्नाला क्लबातील स्पर्धांच्या नोंदींसह सबळ कारण द्यावे लागते. त्या नोंदींची वही तो टेबलावर उघडून बसला आहे, आणि गेल्या हंगामात क्लबचे रिव्हॉल्व्हर मागून घेऊन खेळलेल्या स्पर्धा एकेक करून अर्जात उतरवीत आहे.