फेब्रुवारीत पेरलेलं सोयाबीन

(दृश्य : औसा तालुका, मार्च. तुषार संच चालू आहे.)

सकाळचे साडेनऊ, आणि लातूरचं ऊन आत्ताच चटका देतंय. शिवारात उभं आहे सोयाबीन. हो, खरिपाचंच पीक. पण हे आहे बियाण्यासाठी. 2019 च्या परतीच्या पावसात उभी सोयाबीन भिजली, दाणा डागी झाला. पुढच्या जूनमध्ये बियाणं उगवलं नाही म्हणून राज्यभरातून तक्रारी आल्या, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. मग अनेकांनी ठरवलं, पुढचं बियाणं आपल्याच रानात करायचं. उन्हाळ्यात.

(दृश्य : धुऱ्याच्या दोन्ही बाजू.)

अलीकडचं पेरलंय जानेवारीच्या सुरुवातीला, पलीकडचं फेब्रुवारीत. वाण एकच, विहीर एकच.

(दृश्य : फूल, अगदी जवळून.)

हे जांभळं फूल तिळाएवढं नाही, पण तिळापेक्षा फार मोठंही नाही. ते उमलण्याआधीच आतल्या आत फळतं. परागकण रुजायला मानवतं 30 अंशांच्या आसपासचं तापमान. पारा 38 वर गेला की परागकण कमी तयार होतात, झालेले नीट रुजत नाहीत, आणि फूल गळतं. चांगल्या हवेतही सोयाबीन बरीच फुलं टाकतंच. उन्हाळा त्यात भर घालतो, आणि उशिरा पेरलेलं पीक अशाच उन्हात फुलतं. तुषारचं पाणी झाडाला थोडा गारवा देतं, पण एप्रिलचं ऊन त्याला आवरत नाही.

मग आणखी आधी का नाही पेरायचं? कारण डिसेंबरची थंडी. रात्रीचा पारा 10 अंशांवर आला की उगवण रखडते. म्हणजे डिसेंबरअखेर ते जानेवारीचा मध्य, एवढाच काय तो काळ. तूर, हरभऱ्याची रास आटपून रान मोकळं होईपर्यंत तो निघून जातो.

(दृश्य : तळहातावर फोडलेल्या शेंगा.)

ही अलीकडची. आणि ही पलीकडची. पलीकडच्या शेंगेला भरायला दिवसच कमी मिळाले. रात्रीही उकाडा असला की झाड कमावलेलं श्वसनातच घालवतं.

फरक दाण्याच्या आतही पडतो. सोयाबीनमध्ये साधारण 40 टक्के प्रथिनं आणि 20 टक्के तेल. फार उष्णतेत तेल घटतं, ओमेगा-3 गटातलं लिनोलेनिक आम्ल कमी होतं. आडतीवर ते कोण मोजतो? तिथे ओलावा आणि डाग बघतात.

(दृश्य : ओल्या गोणपाटावर ओळीने दाणे.)

मळणी हळू वेगाने, वाळवण भर दुपारच्या उन्हात नाही. सोयाबीनचं टरफल नाजूक, आपटलं की आतला कोंब जातो. आता शंभर दाणे मोजून मांडायचे, गोणपाट गुंडाळायचं, ओल टिकवायची आणि आठवडाभराने उघडायचं. 70 किंवा जास्त उगवले तर पोतं बियाण्याचं. कमी उगवले तर आडतीवर.