पाण्याची टाकी बांधून झाल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर 2025 मध्ये राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या आणि काही नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, आणि अनेक ठिकाणी काही वर्षे प्रशासकांकडे असलेला कारभार लोकांनी निवडलेल्या नगराध्यक्षांकडे व नगरसेवकांकडे परत आला. प्रचारात रस्ते, गटारे, उद्याने आणि पाणीयोजना यांची आश्वासने आपण सर्वांनी भरपूर ऐकली. आज मला ती पुरी होतील की नाही याविषयी बोलायचे नाही. ती पुरी झाल्यावर जे काम उरते त्याविषयी बोलायचे आहे, कारण लहान शहराचा कारभार बहुतांशी त्या उरलेल्या कामाचाच असतो आणि भाषणांत त्याला क्वचितच जागा मिळते.

आपल्याकडे हा कारभार 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमानुसार चालतो. लोकसंख्या एक लाखाच्या वर असेल तर नगरपरिषद 'अ' वर्गात मोडते, चाळीस हजार ते एक लाख असेल तर 'ब' वर्गात आणि त्याहून कमी असेल तर 'क' वर्गात. खेड्यातून शहराकडे वाटचाल करणाऱ्या वस्तीसाठी नगरपंचायत असते. पाणीपुरवठा, सफाई, दिवाबत्ती, जन्ममृत्यूची नोंद ही कामे नगरपरिषदेला टाळता येत नाहीत. कायद्याने ती तिची आवश्यक कर्तव्ये ठरवली आहेत. नगराध्यक्ष आणि नगरसेवक धोरण ठरवतात, मुख्याधिकारी त्याची अंमलबजावणी करतात, आणि हे मुख्याधिकारी राज्य शासनाच्या सेवेतले असून बदलीवर येतात व जातात. ज्या गावात या दोन बाजूंचे पटत नाही, तिथे साधी खडीची फाईलसुद्धा महिनोन्महिने टेबलावर पडून राहते.

पाण्याचेच उदाहरण घेऊ, कारण तक्रारींच्या नोंदवहीत सर्वांत जास्त पाने तेच व्यापते. लहान शहरात चोवीस तास पाणी अपवादानेच असते. गाव भागांत वाटलेले असते आणि व्हॉल्व्हमन ठरलेल्या क्रमाने एकेक भागाचा व्हॉल्व्ह लांब चावीने उघडतो व बंद करतो. पहाटे पंपाची वीज गेली की जलकुंभ वेळेत भरत नाही, पहिल्या भागाला उशीर होतो आणि दिवसभराचे वेळापत्रक पुढे सरकते. उंचावरच्या आणि वाहिनीच्या टोकाच्या घरांना याचा फटका आधी बसतो, त्यातही शेजाऱ्यांनी नळाला थेट मोटार लावली असेल तर त्यांच्या वाट्याला नुसती हवा येते. हा व्हॉल्व्हमन पुष्कळदा कंत्राटी असतो. कुठला व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा, कुठल्या गल्लीत जुनी वाहिनी नव्या वाहिनीला जोडली आहे, हे त्याच्या डोक्यात असते आणि नकाशावर नसते. तो काम सोडून गेला की नव्या माणसाला हे सारे लोकांच्या शिव्या खात शिकावे लागते.

अशा टप्प्याटप्प्याच्या पुरवठ्यात एक धोका आहे, ज्याची चर्चा साथ आल्याशिवाय होत नाही. पाणी बंद झाले की वाहिनीतला दाब उतरतो आणि गटाराशेजारून गेलेल्या वाहिनीला तडा असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणूनच शुद्धीकरण केंद्रात क्लोरीन मिसळून काम संपत नाही. शेवटच्या नळाच्या पाण्यातही ते शिल्लक असावे लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्यासाठी लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम हा आकडा दिलेला आहे. कर्मचारी नळाचे पाणी परीक्षानळीत घेतो, क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाचे थेंब टाकतो आणि पिवळा रंग किती उमटतो ते पट्टीशी ताडून पाहतो. रंग उमटलाच नाही, तर त्या वाहिनीवर गळती शोधायला माणूस पाठवावा लागतो. ही चाचणी एका मिनिटात होते. परंतु ती रोज, टोकाच्याच घरी आणि नोंदवहीत खरी नोंद करून होते का, यावरून त्या नगरपरिषदेची मी परीक्षा करीन; प्रवेशद्वारावरच्या कमानीवरून नव्हे.

आता पैशाकडे येतो. नवी टाकी, नवी जलवाहिनी, नवे शुद्धीकरण केंद्र यांसाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या योजनेतून निधी मिळतो. नगरपरिषदेला स्वतःचा हिस्सा भरावा लागतो, पण मोठा भार बाहेरून उचलला जातो आणि भूमिपूजनाला मंडपही पडतो. टाकी उभी राहिल्यानंतरचे वीजबिल, तुरटी, क्लोरीन, पंपाची दुरुस्ती आणि माणसांचा पगार मात्र दरमहा येतो, आणि त्यासाठी कुठलाही मंडप पडत नाही. वित्त आयोगाच्या अनुदानाचा मोठा भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित असला, तरी त्यातून पगार देता येत नाहीत. 1999 पूर्वी नगरपरिषदांना जकातीचे रोजचे उत्पन्न होते. त्या वर्षी नगरपरिषदांची जकात रद्द झाली आणि तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. नाक्यावर ट्रक अडवून ठेवण्याची जाचक पद्धत गेली हे चांगलेच झाले. मात्र त्याबरोबर गावाची हक्काची मिळकत गेली आणि पगाराची तारीख मंत्रालयातल्या आदेशावर अवलंबून राहू लागली.

म्हणजे स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न मुख्यतः दोन ठिकाणांहून येते: घरपट्टी आणि पाणीपट्टी. यांतली घरपट्टी चतुर्वार्षिक आकारणीने ठरते. दर चार वर्षांनी मालमत्तांची नव्याने मोजणी करायची, वार्षिक भाडेमूल्य ठरवायचे, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढायचे, यादी प्रसिद्ध करायची आणि हरकतींची सुनावणी घ्यायची, अशी ही पद्धत आहे. प्रत्यक्षात निवडणूक जवळ आली की आकारणी पुढे ढकलण्याचा मोह सर्वच पक्षांना होतो. मग दोन मजले चढवलेल्या घराला जुन्या कौलारू घराचीच पट्टी लागू राहते, आणि शेजारी नव्याने नोंद झालेल्या दोन खोल्यांच्या घराला त्याहून जास्त. पुढे कधीतरी आकारणी होते तेव्हा साठलेली वाढ एकदम अंगावर येते, मोर्चा निघतो, आणि यादीला स्थगिती मिळते. करवाढ अन्यायाची म्हणून जो आवाज उठतो, त्यात माझ्या मते अर्धा राग वाढीवर नसतो, या विषमतेवर असतो. सुनावणीला जाताना म्हणूनच केवळ 'पट्टी जास्त आहे' असे न लिहिता, आपल्या घराचे नोंदलेले क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांत कोणती चूक आहे ते लिहिलेले उपयोगी पडते, कारण अधिकाऱ्याला दुरुस्ती त्याच रकान्यांत करायची असते.

घरपट्टीच्या बिलावरची सगळी रक्कम नगरपरिषदेची नसते, हेही इथेच सांगून टाकतो. त्यातला शिक्षण कर आणि बिगरनिवासी मालमत्तेवरचा रोजगार हमी कर ती राज्य शासनासाठी गोळा करते.

या सगळ्याचे निर्णय सर्वसाधारण सभेत होतात. सभेची सूचना आणि विषयपत्रिका सदस्यांना आधी मिळते. प्रत्येक विषयाला कार्यालयीन टिपणी असते, सूचक व अनुमोदक असतात आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम केले जाते. सभेतला गदारोळ वर्तमानपत्रात छापून येतो, पण लक्ष ठेवावे ते 'ऐनवेळचे विषय' या शेवटच्या ओळीवर. पत्रिकेत नसलेला, कोणी वाचलेला नसलेला विषय तिथून येतो आणि लोक जेवायला उठण्याच्या घाईत मंजूर होतो. मुदतवाढ, वाढीव खर्चाला मान्यता, भाडेपट्ट्याचे नूतनीकरण अशा गोष्टींना ही वाट सोयीची वाटते. बेकायदेशीर किंवा लोकहिताला बाधक ठरावाची अंमलबजावणी कलम 308 खाली जिल्हाधिकारी थांबवू शकतात, परंतु त्यांच्यापर्यंत तो वेळेत पोचवायला कोणीतरी इतिवृत्त वाचलेले असावे लागते.

अर्थसंकल्पही असाच वाचण्याजोगा असतो. पहिल्या पानावरचा शिलकी आकडा सोडून पाणीपुरवठ्याचे पान काढावे. तिथे गेल्या वर्षीची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे रकाने शेजारीशेजारी असतात. पाणीपट्टीचा अंदाज दरवर्षी चढता असतो आणि प्रत्यक्ष जमा मात्र तिथल्या तिथेच, असे चित्र दिसले, तर वसुली वाढणार नाही हे ठाऊक असूनही खर्चाची बाजू जुळवण्यासाठी आकडा फुगवलेला आहे असे समजायला हरकत नाही. त्याच पानावर खाली देखभाल-दुरुस्तीची तरतूद असते, आणि जमा कमी पडली की पहिली कात्री तिलाच लागते, कारण पगार थांबवता येत नाही, वीजबिल फार काळ थांबवता येत नाही, पण गळकी वाहिनी आणखी एक वर्ष थांबवता येते.

नमस्कार.