छत्तिसावं चालू

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘इंग्रजीत वय अचूक कसं सांगावं’. यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे, असं पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघांच्या चेहऱ्यावर दिसतंय. ‘आय ॲम फिफ्टी’ म्हटलं की झालं! बोलताना खरंच होतं. लिहायची वेळ आली की गोची होते.

माझं एक जुनं दुखणं आहे, ते आधी सांगून टाकतो, नंतर वेळ मिळणार नाही. संगीताच्या एका कार्यक्रमाची माहितीपत्रिका निघत होती. मराठी मजकूर माझा. मी लिहिलं, ‘मोझार्ट वयाच्या छत्तिसाव्या वर्षी वारला.’ इंग्रजीत त्याचं झालं ‘ॲट द एज ऑफ थर्टी-सिक्स’. आता जन्म २७ जानेवारी १७५६, मृत्यू ५ डिसेंबर १७९१. वजाबाकी करू नका, मी केलीय. पस्तीस पूर्ण, छत्तिसावं चालू. फोन केला. पलीकडून अगदी शांतपणे विचारणा झाली, ‘सर, छत्तीस म्हणजे थर्टी-सिक्सच ना?’ आता याच्याशी काय वाद घालणार? पत्रिका तशीच छापली. वर त्याच पानावर दोन्ही तारखाही ठळक अक्षरांत! बिचाऱ्याला छापखान्याने दोन महिने जादा जगवलं.

आपल्याकडे दोन्ही हिशेब सुखाने नांदतात. ‘पस्तीस वर्षांचा’ म्हटलं की पूर्ण झालेली वर्षं, ‘छत्तिसावं लागलं’ म्हटलं की चालू वर्ष. इंग्रजीत ‘ओल्ड’ काय, ‘एज ऑफ’ काय, पूर्ण झालेलंच मोजतात. पहिला वाढदिवस होईपर्यंत पदरात एकही वर्ष नाही, म्हणून बाळाचं वय महिन्यांत सांगायचं. आणि दोन महिन्यांच्या त्या तान्ह्यालाही ‘ओल्ड’ म्हणायचं! (हशा) चालू वर्षच सांगायचं असेल तर ‘इन हिज थर्टी-सिक्स्थ इयर’ म्हणा. ‘थर्टी-सिक्स रनिंग’ म्हणाल तर समोरचा विचारेल, कुठे पळतोय?

दशकांच्या बाबतीत मात्र भांडण नाही. चाळिशीत म्हणजे ‘इन हिज फॉर्टीज’, चाळीस ते एकोणपन्नास. ‘टीनएजर’ तेराव्या वाढदिवसापासून, कारण आकड्याच्या शेवटी ‘टीन’ येतो तो थर्टीनपासून नाइन्टीनपर्यंतच. अकरा-बाराची मुलं त्यात बसत नाहीत, वागली तशी तरी.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. आणि व्याकरण अजून सुरूच व्हायचंय! भरभर सांगतो.

‘माय एज इज ट्वेंटी इयर्स ओल्ड’ नको. ‘आय ॲम ट्वेंटी’ किंवा ‘आय ॲम ट्वेंटी इयर्स ओल्ड’. ‘माय एज इज ट्वेंटी’ चूक नाही, पण अर्जातला रकाना भरल्यासारखं वाटतं.

आता तो ‘एस’. ‘शी इज फाइव्ह इयर्स ओल्ड’मध्ये आहे, ‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड गर्ल’मध्ये नाही. नामाच्या आधी बसलं की सगळ्याचं मिळून एक विशेषण होतं, ‘एस’ गळतो, मधे दोन जोडरेघा येतात. मुली दहा असल्या तरी ‘फाइव्ह-इयर-ओल्ड गर्ल्स’च. ‘गर्ल्स’ गाळलंत तर ‘एस’ पार शेवटी जातो, ‘फाइव्ह-इयर-ओल्ड्स’.

नियमावली लिहिणाऱ्यांनी ‘ओव्हर एटीन’ लिहू नये. अठरा पूर्ण झालेला आत की बाहेर, यावर दारात वाद होतो. ‘एटीन ऑर ओव्हर’ लिहा.

‘एल्डर ब्रदर’ चालतो, पण ‘एल्डर’पुढे ‘दॅन’ येत नाही. दोन वर्षांनी मोठा असेल तर ‘टू इयर्स ओल्डर दॅन मी’.

हो हो, संपवतो. ‘एज्ड’ राहिलं. ‘एज्ड फॉर्टी’ म्हणताना उच्चार ‘एज्ड’, एका झटक्यात. त्याचाच ‘एजिड’ केलात तर अर्थ होतो म्हातारा. चाळिशीतल्या माणसासमोर तेवढं सांभाळा.