मातीखालचे डोळे

(दृश्य: एप्रिलची सकाळ. कुंपणाच्या सावलीत मळकट बर्फाचा ढीग. हातमोजे घातलेले हात वाफ्यावरच्या सुक्या फांद्या उचलतात.)

कॅनडातलं कॅल्गरी, एप्रिलचा तिसरा आठवडा. साताऱ्यात आईनं एव्हाना माठ काढलेला असतो. इथं माझ्या परसात कुंपणाशी अजून बर्फ पडून आहे.

फांद्या बाजूला केल्या, की खाली ओली, काळपट माती. बोटानं जरा उकरलं, तर हे दिसतं. जवळून बघा. पेराएवढे, गुलाबी-जांभळे, टोकदार कोंब. उसाच्या कांडीवर असतो तसा डोळा. इंग्रजीतसुद्धा माळी याला डोळाच म्हणतात. गेल्या जानेवारीत या डोळ्यांच्या वर उणे तीस अंश तापमान होतं.

ही पिओनी. नाव काढलं, की लग्नाच्या गुच्छातली कोबीच्या गड्ड्यासारखी भरगच्च फुलं आठवतात. ती बागेत घडवलेली. माझ्या वाफ्यात आहेत ती त्यांची रानातली भावंडं. आठ-दहा पाकळ्या, मधे पिवळ्या केसरांचा झुबका, बस्स. फूल आठवडाभर टिकलं तर नशीब. जगभरात अशा तीसेक रानटी जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच थंड मुलखातल्या.

थंडीत ही तगतात कशी, असं मला सगळे विचारतात. ऑक्टोबरात वरचा सगळा पाला वाळून जातो. उरतात जमिनीखालची जाड मुळं, त्यात साठवलेला स्टार्च, आणि हे डोळे. पुढच्या जूनचं फूल आदल्या उन्हाळ्याच्या अखेरीलाच डोळ्याच्या आत आकार घेऊ लागलेलं असतं. मग त्याला कित्येक आठवडे थंडी लागते, साधारण पाच अंशांच्या खालची. ती मिळाली नाही, तर डोळा धड उघडतच नाही. पुण्यात कुंडीत लावायची म्हणून माझा मावसभाऊ कंद मागत होता. त्याला सरळ सांगितलं, पैसे घालवू नकोस. महाबळेश्वरलासुद्धा नाही जमायचं.

(दृश्य: निळं आकाश, पश्चिमेला ढगांची लांब कमान. छपरावरून वितळलेल्या बर्फाचं पाणी गळतंय.)

थंडीपेक्षा मला धास्ती असते ती उबेची. रॉकी पर्वत उतरून चिनूक नावाचा वारा येतो. भर जानेवारीत काही तासांत पारा वीस-पंचवीस अंशांनी चढतो आणि वाफ्यावरचं बर्फाचं पांघरूण वितळून जातं. दोन दिवसांनी पुन्हा कडाका. माती फुगते, आकसते, नवं रोप मुळासकट वर ढकललं जातं. म्हणून नाताळ संपला, की लोकांनी गल्लीत टाकून दिलेली नाताळाची झाडं मी घरी ओढत आणते आणि त्यांच्या फांद्या वाफ्यावर पसरते. शेजाऱ्यांना वाटतं, मी झाडांना ऊब देतेय. खरं तर गोठलेली माती गोठलेलीच राहावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

(दृश्य: मे महिन्याचा शेवट. बारीक चिरलेली हिरवी पानं, त्यात लाल फूल.)

हे पान ओळखा. शेपू! आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर ती म्हणाली, "अगं, जुडी काढ की, मुगाची डाळ घालून कर." हे मात्र खायचं नाही. ही पिओनी टेन्युइफोलिया, म्हणजे बारीक पानांची. युक्रेन आणि दक्षिण रशियाच्या गवताळ माळांवरची. युक्रेनमध्ये हिला वोरोनेत्स म्हणतात, आणि तिथं ती संरक्षित आहे, कारण माळ नांगरले गेले तशी ती कमी होत गेली.

इथून सरहद्दीपलीकडे अमेरिकेत, डाकोटात, ती जुन्या घरांच्या अंगणांत दिसते. काळ्या समुद्राकाठी वसलेले जर्मन शेतकरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडे गेले, त्यांनी सामानात हिची मुळं नेली, असं तिथले लोक सांगतात. मेअखेरीस अमेरिकेत मृत सैनिकांचा स्मृतिदिन असतो, ही त्याच सुमारास फुलते, आणि कबरींवर वाहिली जाते. माळावरून माळावर आलेली. तिला परकं वाटायचं कारणच नव्हतं.

एक सांगून ठेवते. जुलै-ऑगस्टात हिचा पाला पिवळा पडून नाहीसा होतो. पहिल्या वर्षी मला वाटलं, मेली. उकरून बघितलं, मूळ तुटलं, आणि पुढची दोन वर्षं फूल नाही. माळावरचं झाड ते, उन्हाळ्याचा कोरडेपणा झोपून काढतं. त्याला तेव्हा पाणी घालत बसू नका.

शेजारची उंच, तांबूस गुलाबी फुलांची ती अनोमाला. उत्तर ध्रुववृत्ताजवळच्या कोला द्वीपकल्पापासून युराल, अल्ताई करत मंगोलियापर्यंत पसरलेली. रशियात तिला मारिन कोरेन म्हणतात, मारियाचं मूळ, आणि लोक तिचं औषध करतात. कॅल्गरीचा हिवाळा तिच्या खिजगणतीत नाही. तिच्याबद्दल सांगण्यासारखी माझ्याकडे तक्रारही नाही.

(दृश्य: सप्टेंबर. उकललेलं बोंड. आत लालभडक आणि निळे-काळे दाणे.)

आता हे बोंड बघा. कापसाच्या बोंडासारखं उकललंय, पण आत दागिन्यांचा डबा. हे झाड कॉकेशसमधल्या जॉर्जिया देशाच्या पूर्वेकडचं, लागोदेखीच्या जंगलातलं. तिथं लुद्विक म्लोकोसेविच नावाचा पोलिश वनाधिकारी होता, त्याला ते सापडलं, आणि १८९७ साली त्याच्याच नावानं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. नाव उच्चारता येईना म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या माळ्यांनी 'मॉली द विच' करून टाकलं, मॉली चेटकीण. वसंतात फूल लिंबासारखं फिकट पिवळं असतं.

नवखा माणूस यातले लाल दाणे वेचतो. मीही वेचले होते. ते पोकळ. पक्ष्यांचं लक्ष वेधायला आहेत, असं म्हणतात. बी आहे ते हे काळं, वाटाण्याएवढं.

आणि इथून पुढं कस लागतो. सप्टेंबरात पेरलं, तर त्या हिवाळ्यात बहुधा काहीच होत नाही. पुढच्या उन्हाळ्याची ऊब मिळाली, की शरदात फक्त मूळ फुटतं. कोंब नाही. कोंब बीच्या आत अडून राहतो, मुळाला आणखी एक हिवाळा मिळेपर्यंत. दुसऱ्या बर्फानंतर एक पान वर येतं. एकच. फूल त्यानंतर चार-पाच वर्षांनी.

आई दर रविवारी विचारायची, "आलं का गं काही?" दीड वर्षानं म्हणाली, "तू नुसती माती राखतेयस."

घाई असणाऱ्यांसाठी स्वयंपाकघरातला मार्ग आहे. ताजं बी ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे रोपांसाठी वापरतात त्या हलक्या, पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजात घालून पिशवी बंद करायची आणि घरात ठेवायची. दोन-तीन महिन्यांत पांढरं मूळ दिसतं. ते बोटभर झालं, की पिशवी फ्रिजमध्ये, आणखी तीनेक महिने. आमच्या फ्रिजात ती इडलीच्या पिठाच्या डब्यामागे असते. पाहुण्यांनी एकदा मोड आलेले हरभरे समजून बाहेर काढली होती.

तयार कंद मिळाला, तर सप्टेंबरात लावा. डोळे मातीखाली चार-पाच सेंटिमीटर, त्याहून खोल नकोत, नाहीतर पाला येत राहतो आणि फूल येत नाही. पाणी साचणारी जागा नको, मूळ कुजतं. कळ्यांवर मुंग्या दिसल्या, तर राहू द्या, कळीच्या गोड रसासाठी येतात. त्यांच्यामुळे कळी उमलते, ही मात्र दंतकथा.

(दृश्य: झुकलेलं पांढरं फूल, पावसाचे थेंब.)

हे फूल मी शेवटी ठेवलंय, कारण याच्यात थोडं आपल्याकडचं रक्त आहे. पश्चिम हिमालयात, काश्मीर-हिमाचल-उत्तराखंडच्या डोंगरांत, एक पांढरी पिओनी होते, इमोडी. इमोडोस हे हिमालयाचं जुनं ग्रीक नाव. कुमाऊँत तिला चंद्रा म्हणतात. तिचं मूळ युनानी औषधांत ऊद सलीब म्हणून विकलं जातं आणि त्यापायी झाडं उपटली जातात. माझ्याकडे ती दोनदा लावली, दोनदा गेली. हिमालयातली असूनही कॅल्गरीपुढं नाजूक पडली.

न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिंटन गावी, हॅमिल्टन कॉलेजात, ए. पी. सॉन्डर्स नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी जगभरातून रानटी पिओनी जमवल्या आणि त्यांचे संकर केले. चीनमधल्या वाइची जातीशी त्यांनी चंद्रेचा संकर केला. त्या रोपाचं नाव 'अर्ली विंडफ्लॉवर', साल १९३९. तेच हे. फूल चंद्रेचं, काटकपणा बहुधा वाइचीचा.

आईला दाखवलं. तिनं चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाली, "मान खाली का घातलीय हिनं?"

(दृश्य: ऑक्टोबर. विळ्यानं काळवंडलेला पाला कापला जातो. पहिला बर्फ.)

सुकलेला पाला मी बुडाशी कापून टाकते, बुरशी राहू नये म्हणून. मॉलीचे यंदाचे अकरा काळे दाणे पिशवीत आहेत. वर पेनानं तारीख घातलीय, आणि खाली आईच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलीय. गेल्या दिवाळीला फराळाच्या डब्यात आली होती: 'टाकू नये. हरभरे नाहीत.'