मुंबईचा मैला आणि म्युनिसिपालटीचा हिशेब

(जुना नकाशा. भायखळा ते वरळी.)

भायखळ्यापासून वरळीकडे हा सखल पट्टा दिसतोय ना, तो भरतीच्या पातळीखालचा. शहराचं सांडपाणी याच वाटेने समुद्रात जायचं. म्हणजे ओहोटी असेल तर जायचं, भरतीला तुंबायचं. त्यात 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. पाणी आणायची सोय झाली, ते बाहेर काढायची मागेच राहिली.

1865 मध्ये नवा कायदा झाला आणि आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाले. ज्यांच्या नावाचं मार्केट आपण अजून ‘क्रॉफर्ड मार्केट’च म्हणतो, तेच हे. गृहस्थ झपाट्याचे. रस्ते काढले, बाजार बांधला, कसाईखाना वांद्र्याला हलवला. पण पैसे? घरपट्टी वाढत गेली, तरी खर्च तिच्याही पुढे. लगाम घालायचा तो ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींनी, आणि ती शहरातली प्रतिष्ठित मंडळी सरकारने नेमलेली. करदात्याला विचारतो कोण!

1871 पर्यंत म्युनिसिपालटी कर्जात रुतली आणि करदाते भडकले. क्रॉफर्ड यांना जावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये 26 वर्षांचा एक बॅरिस्टर बोलायला उभा राहिला. फिरोजशहा मेहता. त्यांचं म्हणणं गर्दीला रुचणारं नव्हतं: कारभार एका जबाबदार माणसाच्या हाती असण्यात वावगं काही नाही. दोष आहे तो त्याच्यावर नजर ठेवणाऱ्यांत, कारण ते लोकांनी निवडलेले नाहीत.

1872 च्या कायद्याने 64 सभासदांची कॉर्पोरेशन आली. त्यातले 32 करदात्यांनी निवडायचे. मत मात्र ठराविक पट्टी भरणाऱ्यालाच. मोठा विजय होता, यात शंका नाही. फक्त तो कोणाचा, हे पाहायला इमारतींच्या मागच्या बाजूला जावं लागेल.

(अरुंद घरगल्ली. दोन्ही बाजूंना भिंती.)

ही घरगल्ली. संडासांची तोंडं इकडे उघडायची. खाली टोपली. हलालखोर यायचा, टोपली उपसायचा आणि मैला डोक्यावरून वाहून न्यायचा. पावसाळ्यात त्या टोपलीतून काय निथळत असेल, ते सांगायला नको. घरमालकांकडून त्यासाठी ‘हलालखोर कर’ घेतला जाई. कर भरणाऱ्याला मत होतं, टोपली वाहणाऱ्याला नव्हतं.

1890 मध्ये म्युनिसिपल नोकरांसाठी कायदा आला. सफाई कामगाराने दोन महिन्यांची नोटीस न देता काम सोडलं, तर तुरुंगवास. क्रॉफर्ड यांच्या वेळी तिजोरी रिकामी झाली, त्यापायी कोणी तुरुंगात गेलं नव्हतं.

(मांडवी. गोदामं, धान्याची पोती.)

सप्टेंबर 1896. मांडवीत डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. गोदी जवळ, धान्याची गोदामं जवळ, उंदरांना मोकळं रान. पण रोग घाणीतून येतो हीच तेव्हाची समजूत, म्हणून गटारं धुण्याचा सपाटा सुरू झाला. ऑक्टोबरात हुकूम निघाला: रोगी सापडला की जबरदस्तीने इस्पितळात. लोक बिथरले. गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. जो तो गाव गाठू लागला.

कमिशनर स्नो यांना धास्ती वेगळीच होती. हलालखोर निघून गेले तर शहरात राहणंच अशक्य होईल. कायद्यात तुरुंग होता, पण पळालेल्या हजारोंना कोण पकडून आणणार? आणि त्या दिवशीची टोपली कोण उचलणार? ऑक्टोबर सरता सरता हुकूम सैल झाला. घरी देखभाल होत असेल, तर रोग्याला हलवायची सक्ती उरली नाही.