कॅल्क्युलस स्वतः शिकायचं, तर सुरुवात कुठून?

कॅल्क्युलस स्वतःच्या बळावर शिकायला निघालेले बरेच जण पहिल्याच प्रकरणात अडखळतात, कारण तिथे लिमिटची, म्हणजे आकडे ज्या किमतीकडे सरकत जातात तिची, काटेकोर व्याख्या वाट अडवून बसलेली असते. ती खुशाल मागे ठेवा. कॅल्क्युलसच्या जनकांपैकी एक असलेल्या लायब्निट्झचा या विषयावरचा पहिला शोधनिबंध छापला गेला १६८४ साली; लिमिटच्या पायावर हा विषय गणितज्ञ कोशीने रचला १८२१ मध्ये. मधल्या काळात ऑयलरसारख्या गणितज्ञांनी केवढं तरी गणित केलं!

आधी वही घ्या आणि एक प्रश्न सोडवा. वरून सोडलेली वस्तू किती मीटर खाली येते? सेकंदांचा वर्ग करा, ४.९ ने गुणा. हवेचा विरोध तूर्त सोडून देऊ. आता सांगा, बरोबर एक सेकंद झाला त्या क्षणी तिचा वेग किती? एका क्षणात अंतरच कापलं जात नाही, मग भागायचं कशाला आणि कशाने? म्हणून थोडा अवधी घ्या. १ ते १.१ सेकंद, सरासरी वेग १०.२९. १ ते १.०१ सेकंद, ९.८४९. १ ते १.००१ सेकंद, ९.८०४९. हे आकडे स्वतः काढा, माझ्या शब्दावर पुढे जाऊ नका. ते ९.८ कडे सरकताना दिसले, की लिमिट कळू लागली म्हणायची.

त्या छोट्या अवधीला ‘ह’ म्हणू. (१ + ह) चा वर्ग वजा १ म्हणजे २ह अधिक ह चा वर्ग. ह ने भागलं की २ + ह. ४.९ ने गुणलं की ९.८ + ४.९ह. ह आधीच शून्य धरलात तर शून्य भागिले शून्य, हाती काहीच लागत नाही. भागाकार होईपर्यंत ह शून्य नाही, आणि मग त्याला शून्याकडे न्यायचं, ही चलाखी वाटते ना? वाटायलाच हवी. बिशप बर्कलींनी १७३४ मध्ये न्यूटनच्या कॅल्क्युलसच्या पद्धतीवर हाच आक्षेप घेतला होता. ही शंका छळू लागली की लिमिटची व्याख्या उघडा. ती कशासाठी आहे हे तेव्हा कळेल.

या सगळ्यात खरी कसरत बीजगणिताची होती. कॅल्क्युलसमध्ये अडलेला माणूस बहुतेक वेळा कंस, अपूर्णांक नाहीतर घातांक यांत अडलेला असतो, असं माझं ठाम मत आहे. ते कच्चं असेल तर आधी तिकडे वेळ द्या. त्रिकोणमिती लागेल तशी घ्या.

इंटिग्रेशनसाठी, म्हणजे वेगावरून अंतर काढण्यासारख्या उलट कामासाठी, मात्र फार थांबू नका. त्याच वस्तूच्या वेगाचा आलेख काढा. शून्यापासून सरळ चढत एका सेकंदाला ९.८ वर पोहोचणारी रेषा, आणि तिच्याखाली त्रिकोण. त्याचं क्षेत्रफळ अर्धा गुणिले १ गुणिले ९.८, म्हणजे ४.९. पहिल्या सेकंदात कापलेलं अंतर नेमकं तेवढंच! अंतरावरून वेग काढणं आणि वेगावरून अंतर काढणं या एकमेकींच्या उलट क्रिया आहेत. कॅल्क्युलसचं मूलभूत प्रमेय ते हेच. सूत्रांचे तक्ते घोकणाऱ्यांना हे बरेचदा शेवटी कळतं, याचं मला वाईट वाटतं.

व्हिडिओ पाहताना सगळं समजल्यासारखं वाटतं. तो बंद करून तेच उदाहरण कोऱ्या पानावर मांडा. इंटिग्रेशनचं उत्तर आलं की मागची उत्तरं बघण्याआधी त्याचं डेरिव्हेटिव्ह घ्या, म्हणजे वर अंतरावरून वेग काढला तसा बदलाचा दर काढा. मूळ फंक्शन परत यायला हवं. नाही आलं, तर चूक कोणत्या ओळीत आहे ते सापडल्यावरच पुढचं उदाहरण घ्या.